मास्तरांचं इंग्रजी आणि माझं

पोराचा फोन बंद होऊन नऊ दिवस झाले होते. पोरगं अरबांच्या मुलखात इमारतींच्या कामावर. खोलीत त्याच्यासंगं एक परदेशी गडी राहायचा, कुठल्या देशाचा ते मला अजून ठाऊक न्हाय. त्याच्या फोनवरनं पोरगं एकदा बोललं होतं, म्हणून नंबर होता. पण त्या गड्याला ना मराठी येतं, ना हिंदी. राहिलं इंग्रजी.

मी चौथी नापास. तरी उभ्या जन्मात कुणाला "एवढं वाचून द्या" म्हणलो न्हाय. त्या दिवशी मात्र अनवाणीच शाळेतल्या मास्तरांकडं गेलो.

मास्तर फोनवर लई सुरेख बोलले, रेडिओवरच्या बातम्यांसारखं. तिकडनं एकच शब्द, "वॉट?" मास्तरांनी आणखी लांब वाक्य टाकलं. "वॉट? वॉट?" फोन कट.

"त्याला इंग्रजी येत नाही, आबा."

"मग माझ्यासारखंच की. आणा इकडं."

परत लावला. "फादर. इंडिया. माय सन वेअर?"

"फादर! फादर!" गडी ओरडला. "सन हॉस्पिटल. फॉल. हेड."

हेड म्हणजे डोकं, एवढं चौथी नापासालाबी ठाऊक असतंय.

"लाइफ?"

"लाइफ यस. टॉक नो. आईज नो."

"आबा, असं म्हणत नसतात," मास्तर पुटपुटले.

"गप बसा हो मास्तर. त्याला कळतंय. यू वेअर?"

"हॉस्पिटल. नियर सन."

"फोन. सन. इअर."

खडखड झाली. मग नुसता मशीनचा टुक टुक आवाज. फोन कानाला लावला होता त्यानं. मी म्हणलो, "बाळा, ज्वारी काढायला आलीय. मी आल्यावर काढू म्हणला होतास. थांबलोय."

टुक टुक. मग त्या गड्याचा आवाज, "फादर, अगेन."

"आईज?"

"नो. अगेन."

मी पहिल्यापासनं परत सांगितलं.

आता रोज दुपारी तोच फोन लावतो. गडी आधीच सांगून टाकतो, "आईज नो." मग म्हणतो, "फादर, टॉक." मास्तर लागत न्हाईत आता. काढणीची माणसं दोनदा बांधावरनं परत गेली. कणसं पाखरं खात्यात, गाव मला येडा म्हणतंय. म्हणू दे. पोराला थांबलोय म्हणून सांगितलंय, खोटं कसं बोलू? आज बोलायचंय अजून. ज्वारी उभीच हाय, तेच सांगीन.