पाठीवर थाप पडेपर्यंत

अमेरिकन लष्कराच्या टेक्सासमधल्या युनिटमध्ये मी स्पेशालिस्ट या शिपायाच्या हुद्द्यावर रुजू झालो, तेव्हा माझ्याकडे ॲन आर्बरच्या विद्यापीठाची एम.एस. होती आणि रेडिओवरचं इंग्रजी काही कळत नव्हतं. घरातला पहिला पदवीधर मी. कळलं नाही हे सांगायची लाज वाटायची. सार्जंट हॅल्स्टेडनी ती घालवली. पीटी संपली की रोज अर्धा तास ते माझ्याकडून रेडिओचे मेसेज घोटून घेत. माझ्या कांबळेचं त्यांनी कॅम्बल केलं होतं.

सार्जंट आयोवाचे. त्यांचे पणजोबा अमेरिकेतल्या सुरुवातीच्या व्यावसायिक कुस्तीचे चॅम्पियन. मीही गावच्या तालमीतला, हे कळल्यावर एका रविवारी त्यांनी मला मॅटवर बोलावलं. मी ढाक मारली, त्यांची पाठ लागली. आमच्याकडे पाठ लागली की कुस्ती निकाली. मी सोडून उभा राहिलो. त्यांनी माझा पाय ओढला, छातीवर बसले आणि तीन मोजले.

“चिटिंग, सार्जंट!”

“इथे दाबून धरावं लागतं, कॅम्बल. तू अगदी माझा पणजोबा आहेस.”

मग त्यांनी सांगितलं. पणजोबा कोळशाच्या खाणीतून आखाड्यात आले. गावोगावच्या थिएटरांत दोन-दोन तास लढून पट्टा मिळवला आणि काही वर्षं राखला. शेवटच्या लढतीत प्रतिस्पर्ध्याचे खांदे टेकवले आणि लोकांकडे बघून हात उंचावले. पण तेव्हा रेफरीनं पाठीवर थाप मारली की मगच जिंकलं असं धरत, आणि ती थाप अजून पडली नव्हती. खालच्यानं घोटा धरला. पट्टा गेला. पुढची वर्षं जत्रेच्या तंबूत, येईल त्याच्याशी लढण्यात गेली. म्हातारपणी घरातल्या प्रत्येक पोराला ते एकच सांगत: थाप पडल्याशिवाय सोडायचं नाही.

त्या वसंतात फील्ड एक्सरसाइज होती. १४:२० ला आमची गाडी कोरड्या ओढ्यात उलटली. मला खरचटलं. सार्जंटच्या जांघेतून रक्त उसळत होतं. जखम इतकी वर होती की रक्त थांबवायला आवळायचं टूर्निके बसेना. मी दोन्ही मुठी आत दाबल्या आणि गुडघ्यानं रेडिओ ओढला. मेसेज एकदाही अडखळला नाही.

रेडिओवरून उत्तर आलं, “मेडेव्हॅक हेलिकॉप्टर वीस मिनिटांत. ओव्हर.”

“बरा बोललास,” सार्जंट म्हणाले. थोड्या वेळानं विचारलं, “थाप पडली?”

“नाही, सार्जंट.”

“मग दाब.”

पुढे ते बोलले नाहीत. माझे हात बधिर झाले. मी हललो नाही.

१४:४३ ला हेलिकॉप्टर उतरलं. मेडिकनं त्यांच्या मानेला बोटं लावली, घड्याळ पाहिलं. मग माझ्या पाठीवर थाप पडली.

क्षणभर मला वाटलं, जिंकलो.

“सोड आता,” मेडिक म्हणाला. “ते गेले.”

आता मी नेपरव्हिलला नोकरी करतो. दर मेमोरियल डेला, गेलेल्या सैनिकांच्या स्मृतिदिनी, आयोवाला ड्राइव्ह करून जातो. सार्जंट तिथल्या कबरस्तानात पणजोबांच्या शेजारी आहेत. मी खाली बसतो, त्यांच्या दगडावर दोन्ही हात टेकवतो. सार्जंटची आई मागे उभी असते. बराच वेळ गेला की ती येऊन माझ्या पाठीवर हात ठेवते. मग उठतो.