सरईची पाचर

बालाघाटकडे, उकवा गावापलीकडच्या जंगलात एका ठेकेदाराची मँगनीजची उघडी खाण होती. पुनारामचं काम तिथल्या कड्यावर. सुटू लागलेला खडक माणसांवर कोसळण्याआधी सब्बलीने, म्हणजे लोखंडी पहारीने, पाडायचा, आणि रोज सकाळी खाली उतरायला हरकत आहे की नाही ते सांगायचं. त्याने हात हलवल्याशिवाय कोणी खाली जात नसे.

तिथला खडक आडवा पसरलेला नव्हता. छपरावर चढवण्याआधी अंगणात कवेलू कडेवर उभे रचून ठेवतात, तसे त्याचे थर एकामागे एक उभे होते आणि खाणीच्या बाजूला जरा झुकलेले. खाली खोदत गेलं की पुढच्या थराचा पाया कमी होई. मग तो माथ्याकडून मागच्या थरापासून सुटे, वर भेग पडे. पुनाराम त्या भेगेत सरईच्या, म्हणजे साल वृक्षाच्या, वाळक्या लाकडाची पाचर ठोकून ठेवी. सकाळी पाचर हाताला हलली, तर भेग रुंदावली. घट्ट असली, तर खडक जागेवर. ही रीत त्याच्या बापाची, आणि उन्हाळ्यात तिने कधी धोका दिला नव्हता.

पावसाळ्यात खाण बंद असे. १९६३ साली ठेकेदाराने ती श्रावणातही चालू ठेवली. पाण्याने लाकूड फुगतं हे पुनारामला माहीत नव्हतं असं नाही. त्याच्या घरचं दार दर पावसाळ्यात चौकटीत अडकायचं. पण पाचरीच्या बाबतीत ते त्याच्या डोक्यात आलं नाही. भेग रुंदावत होती, पाचर तिच्यासोबत फुगत होती, आणि हाताला घट्टच लागत होती.

त्याची बायको जिजाबाई हिचा धाकटा भाऊ तेजराम खाली घण मारायचा. त्या सकाळी तो कड्यावर चढून आला.

"भाऊजी, भेगेत काल बोटाचं पेर जात होतं, आज पुरं बोट जाऊन राह्यलं. लाकडाले काय विचारता?"

"पाचर हालून नाही राह्यली. भेव वाटते तं बायकायसंगं टोपली उचल."

ऐकणारे हसले. तेजराम घण घेऊन खाली गेला.

दुपारच्या आधी थर कलला. घसरला नाही, पाय तिथेच ठेवून माथ्याकडून पुढे आला आणि तोंडावर पडला. मोतीलाल मुकादम त्याच्याखाली पुरता गेला, बाहेर एक हात तेवढा राहिला. एका मजुरणीचा गळा उडालेल्या चिपेने कापला. ती बसल्या जागी गेली. तेजरामचा उजवा पाय गुडघ्याखाली दगडात सापडला.

मागच्या थराला आता पुढून टेकू नव्हता. त्याच्या माथ्यावरून खडे गळू लागले. ठेकेदाराचा माणूस भैयालाल लांबूनच सांगत होता, भरवेलीच्या खाणीवरून जॅक आणायला ट्रक पाठवतो म्हणून. दोघा मजुरांनी सब्बल लावून पाहिली. दगड हलला नाही, तेजराम मात्र गुरासारखा ओरडला. वरून डोक्याएवढा दगड आला तसे ते दोघे पळाले. पुनाराम कुऱ्हाड घेऊन उतरला.

"नका, भाऊजी. जॅक येऊन राह्यला."

"वर पाह्य."

तेजरामने वर पाहिलं. मग स्वतःच गमछा तोंडात कोंबला.

पहिला घाव वाकडा बसला, मांस सोलून गेला. दुसऱ्याने हाड फुटलं, तुटलं नाही. त्याच्या मांडीवर गुडघा रोवून पुनाराम मारत राहिला. पाय सुटल्यावर त्याने आपलं धोतर फाडून मांडी आवळली आणि तेजरामला काखेत धरून फरपटत नेलं. ते उतारावर पोचले आणि मागचा थर पडला. मोतीलालचा हातही दिसेनासा झाला.

तेजराम बालाघाटच्या इस्पितळात वाचला. परत आला तो कुबडीवर, थेट बहिणीच्या अंगणात. जिजाबाईने पाणी आणलं. त्याने घेतलं नाही. पुनाराम समोर येऊन उभा राहिला.

"पाय तोडला त्याचं काही नाही, भाऊजी. तोडला म्हणून जित्ता आहो. पण मी सांगून राह्यलो होतो, आन् तुमी लोकायले हसवलं."

त्याने कुबडी फिरवली. ती जबड्यावर बसली, दात पडला. फटक्याच्या झोकात तेजराम स्वतःही कोसळला. जिजाबाई जागची हलली नाही. पुनारामने रक्त थुंकलं, त्याला उचलून उभं केलं, कुबडी हातात दिली. तेजरामने तोल सावरला आणि ती पुन्हा फिरवली.