भंडारा उचलल्यानंतर

खंडू गेल्याचा फोन आला तेव्हा मी सातवीच्या वर्गावर नागरिकशास्त्र शिकवत होतो. फोन गयामायचा होता, म्हणजे खंडूच्या शेजारच्या म्हातारीचा. तिला नंबर लावता येत नाही, कुणाकडून तरी लावून घेतला असणार. "सर, खंडू गेला," एवढंच म्हणाली. कशानं, म्हणून विचारलं तर म्हणाली, "तुमी या." आमचं गाव वालूरच्या पुढे आडवळणाला आहे, परभणीहून मोटारसायकलवर दीड तास तरी लागतो. मी पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. माणसाला इतक्या घाईनं कधी पुरतात, तर त्याचं अंग चारचौघांनी बघू नये असं वाटतं तेव्हा. याला आता सहा आठवडे झाले. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, बाकी मात्र काही झाकून ठेवणार नाही.

खंडू आणि मी एका वयाचे. तो मेंढ्या राखणाऱ्या घरातला, मी बौद्ध वस्तीतला. चौथीपर्यंत आम्ही शेजारी शेजारी बसलो, मग वर्षाच्या आत त्याचे आईवडील पाठोपाठ गेले आणि कळप अन् दोन वर्षांचा भाऊ मारोती, दोन्ही त्याच्या गळ्यात पडले. घोंगडीची खोळ करून त्यात मारोतीला पाठीशी बांधायचा आणि रानात जायचा. शेळीच्या दुधावर वाढवला त्याला. लग्न केलं नाही, विचारलं की म्हणायचा, "एक लेकरू हाय की मला." लोकर कातरण्यात त्याचा हात धरणारा आसपासच्या गावांत कुणी नव्हता. माझ्या डी.एड.च्या मुलाखतीच्या आदल्या दिवशी न्हावी कुठं लग्नाला गेलेला, तर यानं मला दगडावर बसवलं आणि मेंढीच्या कातरीनं माझी हजामत केली. डोक्यावर पायऱ्या पाडल्या होत्या नुसत्या. तसाच परभणीला गेलो, आणि नंबर लागला. मास्तरला नोकरी माझ्या कातरीनं लावली, हे तो पुढे तीस वर्षं गावाला ऐकवत होता.

दोन वर्षांपूर्वी त्याच्यावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली, तोंड वाकडं झालं, वाचा गेली. परभणीच्या दवाखान्यात होता तोवर मी रोज डबा नेत होतो. डॉक्टरांनी मारोतीला नीट समजावून सांगितलं की व्यायाम, वेळेवर औषध आणि धीर, एवढंच लागेल. घरात मारोती एकटाच. त्याची बायको त्याच्या मारझोडीला कंटाळून केव्हाच माहेरी गेलेली. हे मला माहीत होतं. तरी त्यानं भावाला आपल्या हातानं उचलून टेम्पोत ठेवलं, तेव्हा वाढवलेल्या लेकरानं ऋण फेडलं म्हणून माझे डोळे भरून आले होते.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत गेलो तर खंडू शेळ्यांच्या खोपटात होता. दाराजवळच्या मेढीला, छपराच्या लाकडी खांबाला, कमरेत दावं घालून बांधलेला, खाली लेंड्या आणि मूत. मला पाहून डाव्या हातातला भाकरीचा तुकडा त्यानं पुढे केला... पाहुण्याला काहीतरी द्यावं म्हणून. तो तुकडा हातातून पडला आणि मारोतीनं माझ्यादेखत काठी घातली, सरळ तोंडावर. ओठ फाटला, दात हातावर आला. "एवढा मोठा घोडा, घास धरता ईना," म्हणत त्यानं दुसरी उचलली, ती मी मनगटावर घेतली. सदरा वर केला तर मानेपासून पोटरीपर्यंत डागण्या. काही वाळलेल्या, काही ओल्या, माशा बसलेल्या. गयामायनं मागाहून सांगितलं, पहिल्या दोन वैदूनं दिल्या होत्या, वाऱ्यावरचा इलाज म्हणून. पुढच्या मारोतीनंच दिल्या. अंथरूण ओलं केलं की डाग, पाणी सांडलं की डाग. छातीवर गुडघा देऊन बसायचा आणि चुलीतला लाल विळा टेकवायचा. कातड्याचा वास तिच्या घरापर्यंत यायचा. "आमच्यात जनावराला डागतेत, सर," ती म्हणाली, "पर जनावराला बी एकदाच."

मी त्याला ऑटोत घालून ठाण्यात नेलं. जमादार काही वाईट माणूस नव्हता, त्यानं खंडूला खुर्ची दिली, पाणी दिलं. कुणी मारलं म्हणून विचारलं. खंडूच्या तोंडात आता एकच आवाज उरला होता, मेंढ्या हाकायचा. तो जीव खाऊन तोच काढत राहिला, हर्र... हर्र... आणि बाकावरचा एक शिपाई हसला. त्या हसण्याचा राग माझ्या अंगातून अजून गेलेला नाही. जमादारानं मारोतीला फोन लावून विचारलं आणि पेन खाली ठेवलं. "सर, लेकरू असतं तर येगळं कलम हाय, बाई असती तर येगळं, साठीच्या पुढचं म्हातारं असतं तर येगळं. ह्यो बावन्न वर्षांचा बाप्या. ह्याला बोलता येईना, घरचे म्हणतेत इलाज केला. मी काय लिहू?" अपंगत्वाचा दाखलाही काढलेला नव्हता. तरी डोळ्यांनी पाहिलेलं लिहून मी अर्ज दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावकी बिरोबाच्या देवळापुढे बसली. मलाही बोलावलं. जाणते म्हणाले, घरातली गोष्ट ठाण्यात नको, मारोती बेलभंडारा उचलून शपथ घेतो, तुम्ही अर्ज मागं घ्या. त्यांच्यात भंडारा उचलला की विषय संपतो. मग कुणी चौकशी करायची नाही, विचारायचंसुद्धा नाही. तपासायला जाणं म्हणजे देवाला खोटं म्हणणं. मारोतीनं भंडाऱ्याची मूठभर हळद हातात घेतली आणि भावाच्या अंगाला बोट लावणार नाही म्हणाला. डोळ्यांतून पाणी गळत होतं. मी बौद्ध. पोरांना संविधान शिकवतो, नवस-सायासाची टर उडवतो. आणि मला जमादाराच्या कागदापेक्षा त्या हळदीचा भरवसा वाटला. शिवाय दुसरंही होतं, तेही सांगतो. मी ताणून धरलं असतं तर मास्तरला खंडूचं काही पडलेलं नाही, वस्तीचा डाव साधायलाय, असं गाव म्हणालं असतं. त्याला भ्यालो. अर्ज मागं घेतला, खंडूला मारोतीच्याच हवाली केलं, वर जाणत्यांच्या पंगतीत बसून जेवलोही.

पुढे संक्रांतीच्या सुमारास गेलो होतो. मारोतीनं ओसरीवर बसवून चहा दिला, खंडू झोपलाय म्हणाला. भावकीतला एक जाणताही तिथंच बसला होता. तेवढ्यात खोपटाच्या पत्र्याच्या दारावर आतून धपधप वाजलं. "बोकड बांधलाय, लय धडका मारायलाय," मारोती म्हणाला. मी उठायला लागलो. जाणत्यानं माझ्याकडे नुसतं पाहिलं... त्या बघण्यात सगळं आलं, भंडारा, देऊळ, मी कोण आणि ते कोण. मी परत बसलो. चहा संपवला. खंडू त्यानंतर तीन आठवडे जिवंत होता.

आंघोळ घालताना पाठीवर बोट ठेवायला जागा नव्हती, बरगड्या आत गेलेल्या होत्या, असं आता आंघोळ घालणारेच दबक्या आवाजात सांगतात. मी पुन्हा अर्ज दिला आहे. खड्डा उकरून तपासणी करा अशी मागणी केली आहे. परभणीतल्या एका वकिलानं मला समोर बसवून सांगितलं की अपंगांच्या कायद्यात तरतूद आहे, कुणीही तिऱ्हाईत माणूस दंडाधिकाऱ्याकडे खबर देऊ शकतो. मला ठाऊक नव्हतं. ठाण्यात कुणी सांगितलं नाही. जो कायदा मास्तरला माहीत नाही आणि जमादारालाही आठवत नाही, तो मेढीला बांधलेल्या मुक्या माणसाला कसा सापडणार? आपण वय विचारतो, दाखला विचारतो, फिर्याद विचारतो. माणूस लाचार आहे का, हे कुणी विचारत नाही. कायदा हवा तो लाचारीकडे बघणारा. अंथरुणाला खिळलेल्या, बोलता न येणाऱ्या, भ्रमिष्ट झालेल्या मोठ्या माणसांसाठी. मार खाणाऱ्यानं तोंड उघडायची वाट न बघणारा. आणि एक माणूस हवा, सरकारनं नेमलेला, ज्याला न सांगता घरात शिरायचा हक्क असेल आणि पुन्हा पुन्हा जाणं ज्याचं कामच असेल. म्हणजे शपथ, भावकी, जात, भीड, यातलं काहीही त्याच्या आड येणार नाही. घरातली गोष्ट घरात, असं म्हणणाऱ्यांना मी आता तोंडावर विचारतो, कुणाच्या घरात? खंडूचं तर ते घर उरलं नव्हतं.

मागच्या रविवारी गावी गेलो. मारोती कळप घेऊन रानात गेलेला. गयामायला बरोबर घेतलं, तिला बाहेर उभं केलं आणि खोपटात शिरलो. दाव्यानं मेढीला खाच पडली आहे. तिथं खाली बसलो आणि दार ओढून घेतलं. उजेड फटीतून तेवढा आत येत होता. पत्र्याला आतून पोचे पडले होते, बसलेल्या माणसाचा हात पोचेल एवढ्या उंचीवर, सगळे डाव्या अंगाला. शेळी-बोकडाच्या धडका गुडघ्याखाली बसतात, हे मेंढ्यांच्या गावात वाढलेल्या माणसाला कुणी सांगावं लागत नाही. मी डाव्या हाताची मूठ एका पोच्यात ठेवली, बरोबर बसली. एकदा वाजवलं. पुन्हा वाजवलं, जरा हळू, थकलेल्या माणसानं वाजवावं तसं.

"येतंय आयकू, सर," ती बाहेरून म्हणाली. "तवा बी येत व्हतं."