मोहिते, गोळी तोंडात ठेवा

आमच्या फुटबॉल क्लबच्या खोलीत एक खोका आहे. मुलांचे हरवलेले मोजे त्यात टाकतात. जोडीतला एकच मोजा असतो, तो कुणाचा ते कळत नाही आणि न्यायलाही कुणी येत नाही. क्लबातल्या किस्स्यांचं तसंच होतं. माझा मुलगा इथे खेळायचा. तो कॉलेजात गेला, त्याचा फुटबॉल सुटला, मी मात्र राहिले. पालकांशी बोलणं, रविवारचे कार्यक्रम ठरवणं, हे काम माझ्याकडे आलं. मुळात मला चौकशा फार. लालबाग-परळची माणसं पोरांना फुटबॉलला का घालतात आणि स्वतः बाहेर उभी राहून इतकी का घामाघूम होतात, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही!

* * *

उन्हाळ्यात नव्या मुलांची निवड असते. आमचे कोच गायकवाड सर स्वतः बीआयटी चाळीच्या अंगणात खेळत मोठे झाले. बोलणं मोजकं. मुलाला घेण्याआधी ते पालकांशी दोन शब्द बोलतात. एकदा एक आई आली. मुलाच्या डोक्यावर टोपी, तोंडाला सनस्क्रीनचा थर, आईच्या हातात छत्री. सरांनी विचारलं, हा कुठल्या पोझिशनला खेळतो?

"सावली असेल तिथे," आई म्हणाली.

सरांनी मैदानाकडे बघितलं. एका गोलमागे पिंपळ आहे. पोरगा गोलकीपर झाला, आणि खरं सांगते, बरा निघाला. हाफटाइमनंतर बाजू बदलतात हे मात्र त्या आईला पहिल्या मॅचलाच कळलं. ती तडक माझ्याकडे आली. हे आधी सांगायला नको का, म्हणाली.

* * *

वर्षातून एकदा आम्ही पालक विरुद्ध मुलं अशी मॅच ठेवतो. घरच्यांना कळावं, आत उतरल्यावर काय होतं ते.

त्यात मोहिते उतरले. मोहिते म्हणजे सेजलचे पप्पा, आणि सेजल म्हणजे आमच्या मुलींच्या टीमची गोलकीपर. गाव कणकवलीकडे, जन्म लालबागच्या चाळीतला, आणि तरुणपणी मंडळाकडून कबड्डी खेळलेले. त्यांना डिफेन्सला उभं केलं. एक मुलगा बॉल घेऊन शेजारून निसटला आणि मोहित्यांनी झेप घेतली. दोन्ही घोटे पकडले. शिट्टी वाजली, तरी मोहिते सोडेनात.

सर जवळ जाऊन म्हणाले, मोहिते, सोडा त्याला. मोहित्यांनी जमिनीवरूनच मान वर केली.

"लाइनीक टेकाक दिलंय नाय. पॉइंट कोणाक?"

सरांनी त्यांना लाल कार्ड दाखवलं. मोहित्यांनी ते हातात घेऊन उलटसुलट बघितलं आणि परत दिलं.

* * *

मग एका आहारतज्ज्ञ बाईंना बोलावलं. खेळाडूंनी काय खावं, यावर त्या छान बोलल्या. प्रोटीन महत्त्वाचं, हे त्यांनी पुन्हापुन्हा सांगितलं. समोर मोहिते वहिनी, म्हणजे सेजलची आई, लक्ष देऊन ऐकत होत्या.

पुढच्या मॅचला हाफटाइम झाला आणि वहिनींनी भला मोठा डबा उघडला. कोंबडी-वडे! बाई म्हणाल्या होत्या ना प्रोटीन. पोरी तुटून पडल्या. रेफ्रीनेही एक वडा घेतला. सर पाण्याच्या बाटल्या भरायला गेले होते, ते परत येईपर्यंत डबा रिकामा.

दुसऱ्या हाफमध्ये आमची एकही मुलगी धावली नाही. सेजल तर गोलपोस्टला टेकून उभी होती. मॅच हरलो. सर मला म्हणाले, ताई, पुढच्या वेळी योगावर भाषण ठेवा.

* * *

आता मोहित्यांच्या आवाजाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. त्यांचा आवाज मैदानाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. सेजल गोलमध्ये आणि मोहिते गोलच्या जाळीमागे, ही त्यांची ठरलेली जागा. कुठे उभी राहा, कुठे झेप घे, सगळं तेच सांगणार.

गेल्या वर्षी सेमीफायनलला माहीमची टीम समोर होती. बरोबरी झाली, पेनल्टी आल्या. पहिल्या पेनल्टीला मोहिते मागून ओरडले, "सेजल, डावीकडे!" सेजल डावीकडे झेपावली. समोरच्या पोरीला काय कान नाहीत? तिने ऐकलं आणि बॉल सेजलच्या उजवीकडे मारला. दुसऱ्या पेनल्टीला तेच. तिसऱ्यालाही तेच. माहीमच्या पोरी हसत हसत यायला लागल्या होत्या.

आम्ही हरलो. मोहिते घरी जाताना मला म्हणाले, पोरगी ऐकते हो, पण नशीब नाही. त्यांना कळलंच नव्हतं!

सेजलला कळलं होतं. ती सरांपुढे उभी राहिली. वयामुळे पुढचं वर्ष तिचं ह्या गटातलं शेवटचं होतं, आणि त्यात तिला एक फायनल खेळायची होती.

"सर, पप्पांना गप्प करा. मला सांगता येत नाही."

* * *

एकट्या मोहित्यांना कसं सांगणार? सरांनी सगळ्यांनाच नियम केला. मॅच चालू असताना आईबापांनी ओरडायचं नाही. ओरडलात, तर पुढच्या मॅचचा पहिला हाफ तुमचं मूल बाहेर, तुमच्या शेजारी बसणार. आणि तोंड बंद राहावं म्हणून मी प्रत्येकाला लिमलेटची गोळी द्यायची.

पालकांचे हाल बघण्यासारखे होते. कुणी छत्रीची मूठ आवळायचं, कुणी दुसऱ्याच्याच दंडाला चिमटा काढायचं. मोहिते गोळी चघळत नुसते लाल व्हायचे. पण वर्षभर माणूस एक शब्द बोलला नाही. मला त्यांचं खरंच कौतुक वाटायचं. थोडी दयाही यायची.

* * *

यंदा पुन्हा सेमीफायनल, पुन्हा माहीम, पुन्हा पेनल्टी. शेवटची पेनल्टी अडली तर आम्ही फायनलला. मारायला आली ती गेल्या वर्षीचीच वेणीवाली पोरगी. मैदानात एवढी शांतता की मला माझ्याच तोंडातली गोळी दाताला लागलेली ऐकू येत होती.

सेजलने एकदा मागे वळून पप्पांकडे बघितलं. किंवा जाळीकडे बघितलं असेल. शिट्टी वाजली.

"सेजल, डावीकडे!"

वेणीवालीने बॉल उजवीकडे मारला. सेजल आधीच उजवीकडे झेपावली होती. बॉल तिच्या पोटाशी होता.

नाचून झाल्यावर सगळ्यांना मोहित्यांची आरोळी आठवली. नियम म्हणजे नियम. सेजलच्या फायनलचा पहिला हाफ गेला. मोहिते खाली मान घालून उभे होते. मी नंतर त्यांना गाठलंच. मुद्दाम ओरडलात, की राहवलं नाही? तुमचं आधी ठरलं होतं का?

ते म्हणाले, तिला विचारा. तिला विचारलं, तर म्हणाली, पप्पांना विचारा.

फायनलला पहिला हाफ सेजल पप्पांच्या शेजारी बाकड्यावर बसली. गोलमध्ये आमची दुसरी कीपर होती, लहान आणि घाबरलेली. समोरच्यांना कॉर्नर मिळाला. बॉल हवेत आला आणि बाकड्यावरून एक आवाज निघाला, मैदानाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"पुढे ये! पुढे ये ना!"

सगळ्यांनी मोहित्यांकडे बघितलं. मोहित्यांचं तोंड बंद होतं. शेजारी सेजल उभी होती, मुठी आवळून, लाल होऊन.

मोहित्यांनी खिशात हात घातला, लिमलेटची गोळी काढली, कागद सोडवला आणि लेकीच्या हातावर ठेवली.