पाट माझ्या घरचा होता

मालकानं पाट पायानं ढकलला. माझा एक पाय त्यावर होता. तोल गेला आणि मी साड्यांच्या थप्पीवर आदळले.

"काऊन वं, इथं जेवणाची पंगत बसली का?" मालक म्हणाला.

अल्लीपूरहून लग्नाचा बस्ता घ्यायला आलेली मंडळी सोफ्यावर बसून हसली. मीही हसले. नोकरी टिकवायची तर स्वतःवरचा विनोदही गोड मानून घ्यावा लागतो.

हिंगणघाटच्या या कापडदुकानात मी शटर उघडल्यापासून उभी असते. गिऱ्हाईक नसलं तरी उभीच. बसलेली बाई आळशी दिसते, असं मालकाचं मत. पाठ धरते. पोटऱ्यांत गोळे येतात. संध्याकाळी सुजलेल्या पायांत चपलेचे पट्टे रुततात. सोडून जायचं तर कुठं? बाजारातल्या सगळ्याच दुकानांत बाया उभ्या.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पायांवरच्या फुगलेल्या शिरा पाहिल्या. म्हणाल्या, "एकाच जागी खांबासारख्या उभ्या राहू नका. एक पाय जरा उंचावर ठेवा, मग दुसरा. टाचा वरखाली करा, थोडं चाला. अन् मधूनमधून बसत जा." बसणं सोडून बाकी सगळं जमण्यासारखं होतं. म्हणून घरचा जेवायचा पाट पिशवीत घालून आणला आणि काउंटरखाली ठेवला. कंबरेला खरंच आराम पडला होता.

बस्ता दुपारभर चालला. मी शालू उलगडत होते, परत घड्या घालत होते. सोफ्यावर नवरीची आई गुडघे चोळू लागली. "बसून बसून पाय आखडले बापा."

मालक धावला. "काकू, पाय वर घ्या नं." मग माझ्याकडे वळून, "अवं, तो पाट दे त्यायच्या पायाखाली."

तोच पाट! माझ्या पायाखाली दुकानाची शोभा घालवत होता, त्यांच्या पायाखाली पाहुणचार होणार होता. माझ्या डोक्यात सणक गेली. मी पाट उचलला, काउंटरमागे आले, खाली ठेवला आणि त्यावर पाय दिला.

"हा माह्या घरचा आहे. मी देत नाई. अन् आजपासून गिऱ्हाईक नसलं का मी बसणार."

"मंग उद्या येऊ नको."

"येईन. काढाचं असन तं असंच सगळ्यायसमोर काढा."

या वेळी कोणी हसलं नाही. नवरीच्या आईनं पाय आखडून घेतले. मी पुढची साडी उलगडून दाखवली.

काढेलही तो मला. भीती वाटतेच. मग मी शेजारच्या दुकानाची पायरी चढेन. पगाराच्या आधी विचारीन, बाईनं बसायचं कुठं? जागा नसेल तर भांडण तिथूनच सुरू करीन.