पहिल्या पानावरचा खुनी

वाचनालयात समोर बसलेली मुलगी वाचता वाचता खुदकन हसली. "आजोबा, यात एक गुप्तहेर जुन्या अभिजात कादंबऱ्यांत शिरतो," ती म्हणाली. "गळा चिरलेली नायिकासुद्धा चार ओळी अलंकारिक बोलते आणि मगच मरते!" पान उलटताच ती चिडली. समासात कुणीतरी पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहिलं होतं. "याची बोटं ठेचली पाहिजेत!"

ठेचली होती, पण भलत्याची. तरुणपणी रहस्यकथांच्या पहिल्या पानावर खुन्याचं नाव लिहून ठेवण्याचा चावटपणा मी करायचो. एकदा तसं पुस्तक माझ्या मित्राच्या, वसंताच्या नावावर निघालं. ग्रंथपालांनी बोटं फुटून रक्त येईपर्यंत त्याला लाकडी रुळाने मारलं. मी शेजारी गप्प उभा राहिलो.

पुस्तकातल्या रक्ताला हसता येतं, कारण शेवटी खरा गुन्हेगार सापडतो. आमच्याकडे तो सापडलाच नव्हता.

मी तिथून उठून तडक वसंताकडे गेलो आणि सगळं कबूल केलं. वाकड्या बोटांनी चहाचा कप खाली ठेवत तो म्हणाला, "अक्षर तेव्हाच ओळखलं होतं रे. मार खाताना मी तुझ्याकडेच बघत होतो."