कोल्हापूरची तोंडी परीक्षा

मिरजेला गाडी बदलली तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते आणि माझे डोके दुखत होते. पुण्याहून निघताना आत्याने दोनदा बजावले होते, "तिकडे कोणाच्या घरी जाऊ नकोस. आपल्या माणसांची घरे जाळली त्यांनी." अठ्ठेचाळीस साली गांधीहत्येनंतर झालेल्या जाळपोळीत तिच्या दिरांचे कोल्हापूरचे घर गेले होते, आणि तेव्हापासून तिच्या लेखी ते गाव नकाशावरून पुसले गेले होते. मला मात्र जाणे भाग होते. विद्यापीठ नवे, फ्रेंच शिकवणारे आम्ही मोजके, आणि कोल्हापुरात इंटरला फ्रेंच घेतलेली चार मुले. त्यांची तोंडी परीक्षा घ्यायला कोणीतरी जायलाच हवे होते. मी सर्वांत धाकटा, म्हणून ते कोणीतरी म्हणजे मी.

माझ्यासमोर पटका बांधलेले एक रुंद गृहस्थ बसले होते. मांडीवर कापडात बांधलेला पितळी डबा. जयसिंगपूर येईपर्यंत ते माझ्याकडे नुसते पाहत होते. मग एकदम मोठ्याने म्हणाले, "पावणं, कुठनं आलासा?"

"पुण्याहून."

"कोल्हापुरात कुणाकडं?"

"कॉलेजात काम आहे. उतरायची सोय त्यांनी केली आहे."

"आज ऐतवार की! कॉलेजात कोन कावळा बी न्हाय मिळायचा." एवढे बोलून त्यांनी डबा उघडला आणि अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली. मी घेऊ की नको, हे विचारण्याची त्यांच्याकडे पद्धत नसावी. सोबत खर्डा (हिरव्या मिरचीचे भरड वाटण) होता. पहिल्याच घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आले आणि डोकेदुखी पळाली. गाडीचा अख्खा डबा त्यावर हसला.

त्यांचे नाव बाबूराव. कागलजवळ ऊस, स्वतःचे गुऱ्हाळ आणि शाहूपुरीत गुळाची अडत. रुकडी गेली, पंचगंगेचा पूल आला. मार्चमधली नदी, पात्र खडकांत अडकलेले, पाणी जेमतेम. दोन्ही काठांना ऊस उभा होता तरी मला ते सगळे उदासच वाटले.

स्टेशनवर कॉलेजचा माणूस नव्हता. मी अर्धा तास ट्रंकेवर बसलो. बाबूरावही बसून राहिले. शेवटी त्यांनी माझी ट्रंक उचलून टांग्यात टाकली. "पावण्याला स्टेशनावर सोडून घरी गेलो तर आमचं थोरलं मला घरात घेनार न्हाईत. चला."

टांगा एका गल्लीतून गेला, तिथे काळ्या पडलेल्या भिंती छपराविना उभ्या होत्या. एका चौकटीत रुईचे झाड उगवले होते. बाबूराव बोलता बोलता थांबले. "लई वाईट झालं त्ये," ते म्हणाले. आत्याच्या दिरांचे घर त्यांतले कुठले, हे विचारण्याचेही मनात आले नाही. मला तिथून लवकर निघायचे होते.

घर अडतीच्या मागेच होते. सगळीकडे गुळाचा वास, ओसरीवर ढेपा रचलेल्या, त्यांवर माश्या. थोरले भाऊ, म्हणजे दादा, खांबाला टेकून पान कुटत होते. मी मटण खात नाही हे कळल्यावर त्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखे पाहिले आणि आत ओरडून पिठले टाकायला सांगितले. मी पाय धूत असताना मला तो आवाज आला. स्वयंपाकघराच्या दारामागून कोणीतरी फ्रेंच म्हणत होते. पाढे म्हणावेत तशा लयीत, क्रियापदामागून क्रियापद.

मी तांब्या खाली ठेवला आणि ऐकू लागलो.

"आमची पोरगी, शालन," बाबूराव म्हणाले. "उद्या परीक्षा हाय तिची. इंटरला हाय की."

"फ्रेंच कसे काय घेतले?"

"शिकवाय बाई हुत्या. म्हनून घातली. दिवाळीत बाईंच्या मालकांची बदली झाली, त्या गेल्या. तवापासनं एकटीच घोकतीया."

इथे मी खरे सांगितले, तेवढे एक बरे केले. उद्याचा परीक्षक मीच, म्हणालो. बाबूराव मांडीवर थाप मारून हसले. "म्हंजे पावणं म्हनून आनलं आन् मास्तर निघालं! शालन, बाहीर ये."

ती आली. वीसेक वर्षांची, सावळी, पदर घट्ट ओढलेला. तिने मला मराठीत नमस्कार केला, फ्रेंचमध्ये नाही. ते मला आवडले. आगाऊपणा केला असता तर माझे काम सोपे झाले असते.

जेवताना परीक्षेचा विषय बाबूरावांनी एकदाही काढला नाही. काढला तो दादांनी, आणि तोही मला काही सुचवायला नव्हे. ते म्हणाले, "पास झाली तर बी.ए.ला जाईल. न्हाई झाली तर वैशाखात लगीन. पाव्हनं बघून ठेवल्यात. आमचं भावाभावांचं ठरलंय. दुसऱ्यांदा परीक्षा न्हाय." शालन तेव्हा मला भाकरी वाढत होती. तिने ती वाढली आणि आत गेली. भाकरी गरम होती, दूध दाट होते. त्याच क्षणी मी उठून जायला हवे होते. पण भरल्या ताटावरून उठायचे तर कारण सांगावे लागते, आणि माझ्याजवळ सांगण्यासारखे कारण नव्हते. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या.

संध्याकाळी कॉलेजचा कारकून माझा शोध घेत आला, माझी क्षमा मागितली आणि मला लॉजवर नेले. वाटेत गंगावेशीत गवळी म्हशी रस्त्यावरच उभ्या करून पिळत होते, आणि लोक पेले धरून धारोष्ण (तिथल्या तिथे पिळलेले, फेसाळ) दूध पीत होते. कारकुनाने माझ्यासाठी एक पेला घेतला. मी नको म्हणालो. त्या दिवसाचे कोल्हापूरचे अन्न मला पुरे झाले होते.

परीक्षा एका लांबट वर्गात झाली. पहिले तिघे मुलगे होते, शहरातले, चांगल्या कोटांतले. त्यांना मी नेहमीचे विचारले. खोलीत काय दिसते, सुट्टीत काय केले. तिघांनीही पॅरिसवरचा एकच उतारा पाठ केला होता आणि प्रश्न कुठलाही असो, गाडी तिकडे वळवत होते. दोघे काठावर अडकत होते. मी दोन-दोन गुण वर उचलून दिले. असे सगळेच परीक्षक देतात. मीही असाच पास झालो होतो.

मग शालन आली. मी तिच्याकडे पाहिले आणि मला वाटले, दारामागे उभे राहून कोणीतरी मला पाहत आहे. कदाचित आत्या. मी तिला खोलीत काय दिसते हे विचारले नाही. मी म्हणालो, तुम्ही पाहिलेले एखादे काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत भूतकाळात सांगा. हा प्रश्न इंटरचा नव्हता.

तिने पदर पुन्हा घट्ट ओढला. मग चिखलातून बैलगाडी निघावी तशी सुरू झाली. गूळ कसा केला ते सांगू लागली. ऊस आणला, रस काढला, विस्तव लावला. काहील (रस आटवण्याची मोठी कढई) हा शब्द तिला फ्रेंचमध्ये माहीत नव्हता. तिने हाताने तिची रुंदी दाखवली आणि सरळ काहील म्हणून पुढे गेली. उच्चार ओबडधोबड होते, बाई गेल्यानंतर ते दुरुस्त करायला कोणी नव्हते. पण रस उकळला, वर मळी आली, ती वडिलांनी काढली, रस निवळायला तिने फुले टाकावीत तशी भेंडीची साल टाकली, हे सगळे मला कळले. त्या चार मुलांत स्वतःचे वाक्य जुळवणारी ती एकटीच होती.

मी उच्चाराचे गुण कापले. मराठी शब्दाचे कापले. बेरीज केली तर पास व्हायला दोन कमी पडत होते. मी ते दिले नाहीत. तिच्या घरी मी जेवलो होतो, आणि जेवलो म्हणून दिले असे कोणाला म्हणता येऊ नये. एवढ्या स्वच्छपणाने मी त्या कागदावर सही केली, प्राचार्यांसमोर पाकिटाला लाख लावली आणि हात धुतले.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीला बाबूराव आले. हातात फडक्यात बांधलेली गुळाची लहान ढेप. "आता परीक्षा झाली की. आता तुमी नुसतं पावणं. घरातनं दिल्याय." मग जवळ येऊन, तो मोठा आवाज शक्य तेवढा खाली आणून म्हणाले, "पोरगी लई खूश हाय. म्हनली, आपला गूळ कसा करत्यात त्ये समदं सांगिटलं. तुमच्या त्या भाषेत! आमच्या घरातलं कोन फ्रान्सला जानार हाय व्हय? पर गूळ गेला म्हनायचा!"

नको म्हणण्याचे धैर्य मला झाले नाही. ढेप घेतली. गाडी हलली तेव्हा ते फलाटावरून ओरडले, "परत आलासा तर लॉजवर उतरायचं न्हाय!" मी हात हलवला. पुढे मिरजेपर्यंत मी खिडकीबाहेर पाहिले असे म्हणतो, पण काय पाहिले ते आठवत नाही.

पुण्यात पाकीट द्यायला गेलो. विद्यापीठातले म्हातारे कारकून गुणांचा तक्ता चाळता चाळता थांबले. "अहो सर, ही मुलगी दोनावर राहिली. बाकीच्यांना उचललेत, हिला विसरलात वाटते. खोडून सही करा, चालते तसे." त्यांनी पेन माझ्यापुढे धरले.

एका सहीचे काम होते. पण खोडले तर उद्या कोणी विचारेल, कोल्हापुरात उतरला कुठे होतात, जेवलात कुठे. मला ती भीती होती. दुसरे काही नव्हते. "विसरलो नाही," मी म्हणालो, "असू द्या तसेच." त्यांनी पेनाला टोपण घातले.

लोक अजून विचारतात, कोल्हापूर कसे आहे. मी त्यांना पंचगंगेचा पूल सांगतो, खर्डा सांगतो, रस्त्यावर पिळलेले दूध सांगतो, जे मी प्यायलोच नाही. त्या वैशाखात काय झाले असेल ते सांगत नाही, कारण मी विचारले नाही. एवढे मला माहीत आहे, की शालनला पास होण्याइतके फ्रेंच येत होते.